जोडता आलं असतं, की जोडलंच असतं?

औषधाचं एखादं पेटंट आपल्याकडे नाकारलं गेलं की पुढचे दोन-तीन दिवस जो वाद चालतो तो आता मला तोंडपाठ झालाय. एक जण म्हणतो, यात नवीन काय होतं, रेणू जुना, त्याचा क्षार बनवायची रीत जुनी, सगळं आधीच छापून आलेलं, यांनी नुसतं एकत्र केलं. दुसरा म्हणतो, मग दाखवा ना एक तरी कागद ज्यात हे सगळं एका जागी लिहिलंय, सापडत नाही ना, मग शोध नवा आहे, द्या पेटंट. टीबीवरच्या बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षाराचा, म्हणजे तो रेणू फ्युमरिक ॲसिडशी जोडून केलेल्या रूपाचा, अर्ज २३ मार्च २०२३ ला आपल्या पेटंट ऑफिसनं नाकारला तेव्हा हेच ऐकलं आणि नंतरही दर वेळी हेच ऐकतोय. दोघं इतक्या तावातावानं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटतं यातलं कोणीतरी एक बरोबर असणार. माझं म्हणणं असं आहे की दोघंही भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतायत. खरा प्रश्न एवढाच आहे की अर्जाच्या त्या तारखेला, त्या धंद्यातल्या साध्या कसबी माणसापुढे ती अडचण होती आणि हे जुने कागद त्याच्या हाताशी होते, तर हे तुकडे एकत्र आणायला त्याच्याकडे काही कारण होतं का, आणि आणले तर जमेल अशी बऱ्यापैकी आशा होती का. ते कारण कुठल्या कागदात छापलेलं असायची गरज नाही, पण पेटंट नाकारणाऱ्यानं ते आपल्या ऑर्डरमध्ये लिहून दाखवलंच पाहिजे, आणि ते लिहिता येत नसेल तर नाकारायचा हक्क त्याला नाही.

हा घोळ आपल्याकडे इतका का रुजला याचं एक कारण मला हळदीत दिसतं. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्या घराघरात ही गोष्ट माहीत आहे आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा. पण ती लढाई नावीन्याची होती. नावीन्याच्या परीक्षेत एकच कागद पुरतो, तोच पुरावा लागतो, आणि तिथे दोन कागद एकमेकांना शिवायला परवानगीच नाही. जखमेवर हळद लावतात असं एका जुन्या कागदात मिळालं की विषय संपला. ऑब्व्हियस आहे का, म्हणजे त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचण्यासारखं होतं का, ही परीक्षा त्याच्या पुढची आहे आणि ती सुरूच मुळी तिथून होते जिथे एका कागदात उत्तर मिळत नाही. त्यामुळे 'एक तरी कागद दाखवा' असं म्हणणारा माणूस दुसऱ्या परीक्षेत पहिल्या परीक्षेचा पेपर सोडवतोय. आणि 'सगळं आधीच होतं' असं म्हणणारा हळदीचा विजय अशा ठिकाणी वापरतोय जिथे तो लागू पडत नाही.

आधी या 'सगळं आधीच होतं' वाल्यांचं घेऊ, कारण मन त्यांच्या बाजूला आहे आणि म्हणून त्यांच्या चुकीचा त्रास मला जास्त होतो. त्यांचं सगळ्यात भक्कम उदाहरण म्हणजे पेन्सिल. १८५८ मध्ये हायमन लिपमन नावाच्या माणसानं पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर बसवून अमेरिकेत पेटंट घेतलं, पुढे जोसेफ रेकेनडॉर्फरनं ते १ लाख डॉलरला विकत घेतलं, आणि १८७५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, कारण पेन्सिल पेन्सिलीचं काम करते, रबर रबराचं, एकत्र आल्यामुळे दोघांपैकी कुणीही वेगळं काही करत नाही. आपल्या कायद्यातलं कलम ३(एफ) हेच सांगतं, आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या जुन्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या म्हणून शोध होत नाही. बरोबरच आहे, मला हे पूर्ण मान्य आहे. पण याच तर्कानं पुढे गेलात तर जगात एकही शोध उरणार नाही कारण शून्यातून कोणीच काही बनवत नाही, लोखंड, तांबं, मीठ, पाणी हे सगळं जुनंच असतं. अमेरिकेतल्या ॲडम्स नावाच्या माणसाची बॅटरी बघा. एका बाजूला मॅग्नेशियम, दुसऱ्या बाजूला क्युप्रस क्लोराइड, मध्ये नुसतं पाणी, यातली एकही गोष्ट नवी नव्हती. १९४० च्या दशकात त्यानं ती अमेरिकन लष्कराच्या तज्ज्ञांना दाखवली तर त्यांचा विश्वासच बसला नाही, नंतर मात्र सरकारनं त्याला न सांगता त्याच बॅटऱ्या बनवून घेतल्या, आणि प्रकरण कोर्टात गेल्यावर सरकारचेच वकील म्हणाले की हे तर सगळं जुनं, कुणालाही सुचलं असतं. १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टानं पेटंट टिकवलं, कारण त्या काळचे कागद वाचणारा माणूस या जोडीच्या वाटेला गेलाच नसता, अशा बॅटऱ्या वापरात नसतानाही चालूच राहतात आणि वापरताना तापतात म्हणून निकामी असंच त्याला ते कागद शिकवत होते. तुकडे दोन्हीकडे जुनेच. फरक एवढाच की पेन्सिलीत जोडण्यामागचं कारण कुणालाही दिसत होतं आणि बॅटरीत सगळी कारणं उलट दिशेला बोट दाखवत होती.

आता एक गोष्ट स्वतःच्या कामातली सांगतो, कारण हा धोका बाहेरून दिसत नाही. मी बरीच वर्षं प्रायर आर्ट शोधायचं काम केलंय, म्हणजे कुणाच्या तरी क्लेमच्या विरोधात, अर्जात नेमक्या कशावर हक्क मागितलाय त्या मजकुराच्या विरोधात, जुने कागद काढून द्यायचे. आम्ही काय करतो, क्लेम समोर ठेवतो, त्याचे चार तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यासाठी शब्द काढतो, समानार्थी शब्द घालतो आणि डेटाबेसला विचारतो. मग पहिल्या तुकड्याला एक जपानी पेटंट मिळतं, दुसऱ्याला एखादा जर्नलमधला लेख, तिसऱ्याला अजून काही, आणि ते सगळे प्रिंट काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले ना की खरंच असं वाटतं की हे एकमेकांसाठीच लिहिलेले होते. पण ते शेजारी आले कशामुळे? क्लेमनं आणले. शोध लावणाऱ्या माणसापुढे तो क्लेम नव्हता, त्याच्यापुढे एक अडचण होती आणि लाखो कागद होते, त्यातले कोणते चार उचलायचे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आमची शोधायची पद्धतच अशी आहे की उत्तर प्रश्नाच्या आधी हातात असतं. अनोळखी गावाला जाताना रस्ता लांब वाटतो आणि परतताना तोच रस्ता निम्मा वाटतो, तसंच हे. यात कुणाचा खोटेपणा नसतो, पेटंट ऑफिसात अर्ज तपासणाऱ्या प्रामाणिक एक्झामिनरचंही असंच होतं. म्हणूनच कारण लिहायची सक्ती हवी, कारण लिहायला बसल्यावरच माणसाला कळतं की आपण हे दोन कागद एकत्र आणले ते त्या काळच्या माणसाच्या डोक्यानं की आजच्या आपल्या.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक खूश होतील आणि म्हणतील, हेच आम्ही म्हणत होतो, जोडा असं कुठल्या तरी कागदात लिहिलेलं दाखवा. नाही, तेही चूक. अमेरिकेतल्या पेटंट अपिलांच्या कोर्टानं बरीच वर्षं जवळपास हाच नियम चालवला आणि तो कुठे नेऊन ठेवतो ते २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात दिसलं. विषय होता गाडीच्या ॲक्सिलरेटरचं पेडल. ड्रायव्हरच्या उंचीप्रमाणे पुढेमागे होणारी पेडलं आधीपासून होती, त्यातल्या असानो नावाच्या पेडलमध्ये पेडल सरकलं तरी त्याचा टेकू, म्हणजे ज्या बिंदूभोवती ते फिरतं तो, जागचा हलत नसे. दुसरीकडे इंजिनं कॉम्प्युटरवर चालायला लागली होती, त्यामुळे पेडल किती दाबलंय हे वायरीतून कळवणारा सेन्सर हवा होता, आणि तो पेडलवर बसवायचं हेही माहीत होतं. सेन्सर पायाखालच्या हलत्या पट्टीवर बसवला तर वायर घासून खराब होते ही तक्रार माहीत होती, आणि एका जुन्या पेटंटात असंही होतं की सेन्सर हलत्या भागावर न लावता पेडलच्या आधारावर लावा. आता मला सांगा, सेन्सर न हलणाऱ्या भागावर लावायचाय आणि तुमच्यासमोर असं पेडल आहे ज्याचा टेकू हलत नाही, तर तो कुठे लावाल? अपील कोर्ट म्हणालं नाही, असानोचं पेटंट वेगळ्या अडचणीसाठी होतं, पेडल कुठेही असलं तरी दाबायला लागणारा जोर सारखा राहावा म्हणून, त्यामुळे सेन्सरवाला माणूस तिकडे बघणारच नाही. सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २००७ ला एकमतानं हे उलटवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, की कसबी माणूस म्हणजे यंत्र नाही, त्यालाही सामान्य कल्पकता असते, आणि एखादी वस्तू ज्या कामासाठी बनली त्यापलीकडेही तिचा उपयोग त्याला दिसतो. आपल्याकडे वरवंटा चटणी वाटायला असतो, पण हातोडी सापडत नसेल तर वरवंट्यानं खिळा ठोकता येतो हे कळायला घरातल्या कुणाला पुस्तक लागत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. आक्षेप असा की एकदा 'सामान्य कल्पकता' आणि 'कॉमन सेन्स' हे शब्द हातात आले की एक्झामिनर काहीही नाकारू शकतो, तीन कागद जोडायचे आणि शेवटी लिहायचं की हे कॉमन सेन्सनं सुचलं असतं. हे घडतं, आपल्याकडेही घडतं, मी अशा ऑर्डरी वाचल्यात ज्यात पानभर क्लेम उतरवलेला असतो, दोन पानं जुन्या कागदांचे उतारे असतात आणि मग एका वाक्यात निकाल, मधला पूलच गायब. पण केएसआरच्या निकालातच हेही लिहिलंय की नुसता निष्कर्ष चालणार नाही, कारण मांडावं लागेल. आणि आपल्याकडे २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ॲग्रीबोर्ड नावाच्या कंपनीच्या प्रकरणात कंट्रोलरला, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला, हेच बजावलं, की जुनं ज्ञान काय होतं, अर्जदाराचा शोध काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरं त्या जाणकाराला कसं सुचलं असतं, याची चर्चा ऑर्डरमध्ये नसेल तर ते नाकारणं कायद्याला धरून नाही. यातला तो 'कसं' महत्त्वाचा.

युरोपियन पेटंट ऑफिसनं १९८० च्या दशकापासून हीच गोष्ट एका प्रश्नावर आणून ठेवलीय आणि मला वाटतं मराठीत तो प्रश्न फार नेमका बसतो. जोडता आलं असतं का, हे विचारू नका. जोडलंच असतं का, हे विचारा. 'आलं असतं' मध्ये सगळं मावतं, माणसाला काय वाट्टेल ते जोडता येतं. 'जोडलंच असतं' म्हटलं की तो 'च' लगेच विचारतो, का बरं?

कागद किती जोडले यावरूनही लोक भांडतात. दोन कागद असले तर ठीक, पण पाच-सहा कागद शिवायला लागले म्हणजे ते ऑब्व्हियस नव्हतंच, असं मीही सुरुवातीला मानायचो. अमेरिकेत १९९१ मध्ये अंगठ्याच्या आकाराच्या लॉलीपॉपचा एक अर्ज होता, तो तब्बल १३ जुने कागद जोडून नाकारला गेला होता आणि कोर्टानं ते मान्य केलं, कारण त्या जुन्या कागदांत प्रत्येक तुकडा त्याच कामासाठी वापरलेला होता ज्या कामासाठी या अर्जात वापरला होता. उलट दोनच कागद असून त्यांच्यात दरी असू शकते. आकड्यावरून काही ठरत नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र पेटंटच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. ते म्हणतात, पेडल आणि लेथ ठीक आहे हो, तिथे काय कुठे बसेल ते डोळ्यांना दिसतं, पण रसायनशास्त्रात कोणता क्षार नीट स्फटिक होईल, कोणता ओलावा ओढेल, कोणता सहा महिन्यांत खराब होईल हे करून बघितल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, मग जे आधी सांगता येत नाही ते ऑब्व्हियस कसं? हे खरं आहे. तरीही मला पटत नाही, आणि का ते सांगायला अशी गोळी घेतो जी आज बहुतेक मराठी घरांत कुणी ना कुणी सकाळी घेतं, बीपीची अॅम्लोडिपिन. स्ट्रिप उलटी करून बघा, बारीक अक्षरात 'अॅम्लोडिपिन बेसिलेट' लिहिलेलं असतं. ते बेसिलेट म्हणजे बेंझीन सल्फोनिक ॲसिडबरोबरचा क्षार. फायझरनं आधी मॅलिएट क्षार घेतला होता, पण गोळ्या दाबायच्या मशिनमध्ये त्याची पावडर पंचाला चिकटायची आणि तो टिकतही नव्हता. मग त्यांच्या माणसानं दुसरे सात पर्याय सुचवले, त्यात बेसिलेट निघाला, तो चिकटला नाही, आणि त्यावर १९८९ मध्ये वेगळं पेटंट मिळालं. २२ मार्च २००७ ला, म्हणजे केएसआरच्याही महिनाभर आधी, अमेरिकेतल्या त्याच अपील कोर्टानं ते रद्द केलं. कारण असं की औषधात चालणाऱ्या ५३ क्षारांची यादी १९७७ च्या एका लेखात छापलेली होती आणि बेसिलेट त्यात होता, मॅलिएटची अडचण आल्यावर दुसरे क्षार करून बघणं हे त्या कामातलं रोजचं काम होतं, आणि बाकीच्या जुन्या कागदांवरून ५३ मधून थोडक्यांवर यायला वाट होती. यादीतल्या औषधांपैकी जेमतेम ०.२५ टक्क्यांमध्ये बेसिलेट वापरलेला होता, हा कंपनीचा मुद्दा मला कमजोर वाटत नाही, पण क्वचित वापरलेलं म्हणजे अनपेक्षित असं होत नाही. करून बघावं लागतं हे खरंच, पण स्वयंपाकात मीठ चाखूनच घालावं लागतं म्हणून मीठ घालणं हा शोध ठरत नाही. पूर्ण खात्री लागत नाही, बऱ्यापैकी आशा पुरते. हेच पर्याय ५३ ऐवजी लाखभर असते आणि कुठे बघायचं याचा एकही इशारा नसता तर मी उलट बाजूनं बोललो असतो.

लेथ म्हटलं म्हणून आठवलं, आपल्या सुप्रीम कोर्टाचा या विषयावरचा मूळ निकाल लेथचाच आहे, १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्थान मेटल. मिर्झापूरला पितळेची भांडी लेथवर घासताना निसटून उडायची, माणसाला लागायचं. मग दुसऱ्या बाजूनं टेलस्टॉकचं टोक लावून भांडं दाबून धरायची सोय केली आणि त्यावर पेटंट घेतलं. कोर्टानं ते रद्द केलं, कारखान्यातली नेहमीची सुधारणा म्हणून. भोसरीत किंवा शिरोलीत लेथवर काम करणाऱ्या कुठल्याही टर्नरला विचारा, एका टोकाला धरलेला जॉब थरथरतोय तर काय कराल, तो वर न बघता सांगेल की टेलस्टॉक लाव. तो जे सांगतो ना, ते आहे कारण, आणि ते ऑर्डरमध्ये लिहायला चार ओळी पुरतात. म्हणून जेव्हा लोक म्हणतात की आधीच अर्जांचा ढीग आहे, त्यात कारणं लिहायची सक्ती केली तर एक्झामिनर बुडतील, तेव्हा मला वाटतं जिथे कारण खरं आहे तिथे ते लिहायला वेळ लागतच नाही. वेळ लागतो तो नसलेलं कारण लिहिताना.

आता बेडाक्विलिन. मुंबईची नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, दोघी औषधांना न जुमानणाऱ्या टीबीतून वाचलेल्या, जुन्या विषारी औषधांनी दोघींची ऐकायची शक्ती गेली, त्यांनी या अर्जाला विरोध केला होता. मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होतं, क्षाराचं मिळालं असतं तर डिसेंबर २०२७ पर्यंत गेलं असतं. त्यांची गोष्ट वाचून माझ्या पोटात कालवलं, आणि तरीही मी म्हणतो की अर्ज नाकारणं बरोबर होतं ते या गोष्टीमुळे नाही. बरोबर होतं कारण तो 'का' लिहिता येतो. रेणू माहीत होता आणि तो अल्कधर्मी होता, पाण्यात फारसा न विरघळणाऱ्या अशा रेणूची गोळी करायची म्हटली की फॉर्म्युलेशनवाला सगळ्यात आधी क्षार करून बघतो, आणि फ्युमरिक ॲसिड हे काही कुठल्या कोपऱ्यातलं ॲसिड नव्हतं, रक्त वाढवायच्या लोहाच्या गोळ्यांवर फेरस फ्युमरेट असतं, एचआयव्हीच्या टेनोफोविरमध्ये २००१ पासून फ्युमरेट आहे. इतकं सगळं २००६ च्या आधी समोर असताना त्या माणसानं ते करून बघितलंच असतं.

पण समजा त्या वेळचे कागद उलट सांगत असते, की या जातीच्या रेणूंना फ्युमरेट जोडलं की ते खराब होतात, आणि तरीही कुणी ते जोडून टिकाऊ गोळी बनवली असती, तर या मुद्द्यावर ते नाकारणं चूक ठरलं असतं, पेशंट वाट बघत असले तरी. हे लिहिताना मला जड जातंय. पण औषध परवडत नाही याचा इलाज कायद्यात दुसऱ्या ठिकाणी आहे. ९ मार्च २०१२ ला मुंबईतूनच कंट्रोलरनं कॅन्सरच्या नेक्सावारसाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी, दिला, महिन्याला २ लाख ८० हजाराच्या घरात जाणारं औषध ८,८८० रुपयांच्या वर विकायचं नाही या अटीवर, आणि पेटंटवाल्या कंपनीला रॉयल्टी मिळेल अशी सोय करून. ते पेटंट ऑब्व्हियस आहे का हा प्रश्न तिथे निकालात काढावा लागला नाही, किंमत हा तिथला एक मुख्य मुद्दा होता आणि तो उघड उघड किंमतीचा म्हणूनच मांडला गेला.